मतपेटीची राखण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





आज मी एका परक्या माणसाची गोष्ट सांगणार आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २०२४ च्या डिसेंबरात वारले. वयाची शंभरी पूर्ण करून गेले. पण मला सांगायचंय ते राष्ट्राध्यक्षपदाच्या फार आधीचं. नौदलातला हा अधिकारी गावच्या राजकारणात कसा आला, ते.

जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे त्यांचं गाव, भुईमूग पिकवणारं. आपल्याकडे जशी गावकुसाबाहेरची वस्ती, तशी तिथे काळ्यांची शाळा वेगळी, चर्च वेगळं. कार्टर १९४६ साली नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि पुढे पाणबुडीवर अधिकारी झाले. १९५३ साली वडील वारले. चांगली नोकरी सोडून ते गावी परतले आणि भुईमुगाचा धंदा बघू लागले.

गावात गोऱ्यांचं वर्चस्व टिकवण्यासाठी एक संघटना होती. लोक दारात आले, सभासद व्हा म्हणाले. कार्टरनी साफ नकार दिला. मग त्यांच्या धंद्यावर बहिष्कार पडला. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! पण खरं ते सगळं सांगितलं पाहिजे. १९५५ पासून ते तिथल्या शाळा मंडळावर होते. काळी-गोरी मुलं एका शाळेत बसावीत म्हणून तिथे त्यांनी उघड लढा दिला नाही.

१९६२ साली ते राज्याच्या सिनेटसाठी उभे राहिले. जॉर्जटाउन गावच्या केंद्रावर तिथला पुढारी लोकांना आपल्या डोळ्यांदेखत मत द्यायला लावत होता. मतदान केलं ३३३ जणांनी आणि पेटीत मतं निघाली ४२०! आकडासुद्धा कसा नेमका चारशेवीस! मेलेल्या माणसांचीही मतं त्यात होती. कार्टर १३९ मतांनी हरले. पण "नशीब" म्हणून ते घरी बसले नाहीत. साक्षीदार गाठले, वकील केला, वर्तमानपत्रात भानगड उघडी पाडली. अखेर ती पेटी बाद झाली आणि कार्टर निवडून आले. सिनेटमधलं त्यांचं पहिलं भाषण होतं, काळ्या मतदारांना अडवायला विचारल्या जाणाऱ्या तीस प्रश्नांविरुद्ध.

म्हणजे माणूस धुतल्या तांदळासारखा होता का? नाही. १९७० साली गव्हर्नर होण्यासाठी त्यांनी वर्णभेद मानणाऱ्या गोऱ्यांनाही चुचकारलं. मात्र १२ जानेवारी १९७१ रोजी शपथ घेतल्यावर, वर्णभेदाचा काळ संपला, असं त्यांनी भर सभेत जाहीर केलं. १९७४ मध्ये राज्याच्या विधानभवनात मार्टिन ल्यूथर किंग यांची तसबीर लावली.

हे धाडस एकट्या कार्टरचं होतं का? १९६५ चा मताधिकाराचा कायदा काळ्या बांधवांनी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन मिळवला. त्यांची मतं यादीत आली, म्हणून पुढाऱ्यांनाही त्यांची दखल घ्यावी लागली. भला पुढारीसुद्धा मतं मागताना वाकतो. त्याला सरळ ठेवायचं काम मतदाराचं आहे.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. त्या मताची राखण आपण करतो का? यादीत नाव आहे की नाही, हे मतदानाच्या दिवशी बघून काय उपयोग? शाळेच्या समितीत आपल्यातले किती जण बसतात? मोठं राजकारण तिथूनच सुरू होतं. कार्टरही शाळा मंडळातूनच वर गेले.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर तरुणांनी मतदार यादी घेऊन इथेच बसावं. घराघरातलं नाव तपासावं, आयाबहिणींचं आधी. नोटेला आणि बाटलीला मत विकू नका. बाबासाहेबांनी दिलेलं मत ही आपल्या लेकराबाळांची ठेव आहे.