हजेरीपटावर नसलेली माणसे



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी सुटल्यावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. युद्धात शहरावर विमानातून बाँब पडतात, तेव्हा मरतो कोण आणि त्याची मोजदाद ठेवतो कोण, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे.

विषय दूरचा वाटेल. पण त्याचे एक टोक आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. जपानने चीनवर स्वारी केली, तेव्हा चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांनी वर्गणी दिली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. हे पथक चुंगकिंगला थांबून १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोचले. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच वारले.

पथकाने चुंगकिंग सोडल्यावर थोड्याच महिन्यांत, ३ आणि ४ मे १९३९ रोजी, जपानी विमानांनी त्या शहरावर आग लावणारे बाँब टाकले. घरे लाकडाची नि बांबूची. दोन दिवसांत चार हजारांहून अधिक माणसे मेली.

आपल्याकडे साखर कारखान्याचा भोंगा झाला की पाळी बदलते. तेथे भोंगा झाला, खांबावर तांबडे गोळे चढले, की पोर काखेत मारून खडकातल्या भुयाराकडे पळावयाचे. पैसेवाल्यांची भुयारे निराळी असत, बाकीच्यांना सार्वजनिक. ५ जून १९४१ च्या रात्री हल्ला काही तास लांबला. सार्वजनिक भुयारात मावतील त्याहून फार जास्त लोक शिरले होते आणि हवा खेळण्याची सोय अपुरी होती. माणसे गुदमरली, दाराशी चेंगरली. त्यांच्या अंगाला बाँबचा तुकडाही लागला नव्हता.

त्या रात्री किती मेले? सरकारी आकडा हजाराच्या आत राहिला. इतरांनी सांगितलेले आकडे कित्येक हजारांपर्यंत जातात. मला याचे नवल वाटत नाही. शहर निर्वासितांनी भरलेले होते. हमाल, नावाडी, परगावचे लोक यांची नावे कोणत्या वहीत असणार?

मी नवा कार्यकर्ता असताना एका कारखान्यात अपघात झाला. हजेरीपटावर मेलेल्यांची नावे दोन. पण फाटकाबाहेर तीन बायका रडत होत्या. तिसरा गडी मुकादमाने आणलेला, कंत्राटी. त्याच्या भरपाईला चार वर्षे लागली, कारण तो कामावर होता हेच आधी सिद्ध करावे लागले. शांततेच्या दिवसांत ही गत, तर युद्धात काय होत असेल!

चुंगकिंगच्या १८८ जणांनी टोकियोच्या न्यायालयात जपान सरकारवर दावा लाविला. २०१५ साली तो फेटाळला गेला. बाँबहल्ला झाला हे न्यायालयाने मानले. भरपाईचा हक्क मानला नाही. आणि जपानच्या जनतेचे तरी काय झाले? १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियो जाळले. सुमारे एक लाख माणसे गेली. सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना सरकारने पेन्शन दिले. होरपळलेल्या नागरिकांनी भरपाई मागितली, तेव्हा त्यांचाही दावा २००९ साली फेटाळला गेला. म्हणजे बाँब टाकणाऱ्या देशातला गरीब आणि बाँब झेलणाऱ्या देशातला गरीब एकाच दारातून रिकाम्या हाताने परतला.

१९७७ च्या जिनिव्हा करारात शहरांवर अशी सरसकट बाँबफेक करण्यास मनाई आहे. तरीही शहरांवर बाँब पडतच आहेत. आपण माळशिरसला बसून विमाने थांबवू शकत नाही, हे मला कळते. परंतु दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. लढाईच्या बातमीत मेलेल्यांचा आकडा वाचाल, तेव्हा त्यात कोण धरलेले नाही हे विचारा. आणि आपल्या गावात ऊसतोडीला, बांधकामाला आलेल्या माणसाचे नाव वहीत लिहिले जाईल, हे आग्रहाने पाहा.