चुकीइतकीच ठळक दुरुस्ती

वाशीमच्या या पत्रकार संमेलनात स्वागताध्यक्ष म्हणून मी यजमानपणापुरतेच बोलावे असा संकेत आहे. तो थोडा मोडून एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो: छापलेली बातमी चुकीची निघाली, तर ते वाचकाला कसे सांगायचे?

मराठी पत्रकारितेपुढे हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. जानेवारी १८८१मध्ये निघालेला 'केसरी' पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात सापडला. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी लिहिताना ज्या पत्रांवर भिस्त ठेवली होती, ती बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ऑक्टोबर १८८२मध्ये सुटल्यावर लोकांनी त्यांचा सत्कारच केला. त्या सत्कारात छत्रपतींविषयीचा कळवळा मोठा होता. सगळे श्रेय माफीला देता येणार नाही. पण माफीमुळे 'केसरी' बुडाला नाही, एवढे निश्चित.

माफीने वर्तमानपत्र बुडते या भीतीपेक्षा 'दिलगिरी छापली की कोर्टात तोच कबुलीजबाब होतो', हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला २००८ सालच्या एका प्रकरणात उत्तर सापडते. भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत 'टाइम्स नाऊ'ने नामसाधर्म्यामुळे भलत्याच न्यायमूर्तींचे छायाचित्र दाखवले. ते होते न्या. पी. बी. सावंत, प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष! छायाचित्र काही सेकंदच दिसले आणि नंतर काढलेही. पण चूक झाली हे प्रेक्षकांना तत्काळ सांगितले गेले नाही. पुढे माफी प्रसारित झाली, तोवर उशीर झाला होता. २०११मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींची भरपाई ठरवली. ही रक्कम अवाजवी होती, असे माझेही मत आहे. तरी गप्प राहणे सुरक्षित असते, हा समज त्यानंतर टिकू नये.

आपल्याकडे काय चालते? बाजार समितीतला सोयाबीनचा भाव ठळक अक्षरांत चुकतो आणि खुलासा दोन दिवसांनी जाहिरातींच्या खाली, मूळ चूक काय होती हे न सांगता येतो. तोवर शेतकऱ्याने माल विकलेला असतो. ऑनलाइन बातमी तर गुपचूप बदलली जाते. जुने कात्रण मात्र व्हॉट्सॲपवर फिरतच राहते. दुरुस्ती तत्परतेने आणि पुरेशा ठळकपणे द्यावी, असे प्रेस कौन्सिलचे निकषही सांगतात. जिल्हा पानावर जागा नसते, माणसे कमी असतात, ही अडचण खरी आहे. पण चुकीला जागा मिळाली होती. तेवढीच दुरुस्तीलाही मिळावी.

संपादकांना माझी विनंती आहे, जिल्हा पानावर दुरुस्तीची एक जागा कायम ठरवा, काय चुकले आणि खरे काय हे दोन्ही तिथे छापा, आणि या संमेलनात तसा ठराव करूनच उठा.