'घरातच आहे' म्हणण्याआधी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, शिरूर येथील भाषण)



संयोजकांचा निरोप होता, "तू दौंडला कॉलेजात इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंस, दहा मिनिटं आरोग्यावर बोल." मधुमेह-रक्तदाबावर बोलता आलं असतं, आपल्या वयाला ते शोभलंही असतं. पण आपल्या तुकडीतला एक जण आज आपल्यात नाही आणि तो कसा गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मुलीसाठी स्थळं पाहताहेत. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, "त्यांच्या घरातच आहे ते." आज मी या एका वाक्याबद्दल बोलणार आहे.

त्या वाक्यात थोडं तथ्य आहे, ते आधी सांगते. कुणाला नैराश्याचा धोका जास्त, कुणाला कमी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार या फरकातला सुमारे ३७ टक्के भाग अनुवंशाचा निघतो. बाकीचा मोठा भाग आयुष्यात काय वाट्याला आलं त्याचा. शिवाय नैराश्याचं असं एकच जनुक नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो.

आता जनुकं काम कशी करतात ते पाहू. आपल्या पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. मेंदूच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत तीच. मग दोन्ही वेगळ्या का? कारण कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद, हे दोन्हीकडे वेगळं असतं. शिरूरकरांना घोड धरणाचा कालवा माहीत आहे, दौंडकरांना खडकवासल्याचा. चारी खोदलेली असली म्हणून शेत भिजत नाही. दार उघडून पाणी सुटावं लागतं. जनुकं म्हणजे चाऱ्या. त्यांची दारं उघडणारी-मिटणारी यंत्रणा वेगळी, आणि तिच्यावर आपल्या जगण्याचा परिणाम होतो.

कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, जवळ घेतात, काही कमी. माया मिळालेली पिल्लं मोठेपणी ताण चांगला सोसत. त्यांच्या मेंदूत ताणाचं संप्रेरक ओळखून 'आता पुरे' असा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं जनुक मोकळं होतं. कमी माया मिळालेल्यांत त्याच जनुकाच्या तोंडाशी रासायनिक खुणा जास्त होत्या, म्हणजे दार अर्धं मिटलेलं. मग शास्त्रज्ञांनी पिल्लांची अदलाबदल केली. पिल्लू जन्म देणाऱ्या आईसारखं झालं नाही, सांभाळणाऱ्या आईसारखं झालं.

२००९ मध्ये त्याच विद्यापीठातून माणसांविषयीचा अभ्यास आला. त्यात मृत्यूनंतर दान मिळालेले ३६ मेंदू तपासले होते. आत्महत्या केलेल्यांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, त्यांच्यात या जनुकावर तशाच खुणा जास्त दिसल्या. ज्यांनी आत्महत्या केली पण असा छळ सोसला नव्हता, त्यांच्यात त्या दिसल्या नाहीत. अभ्यास लहान आहे आणि आत्महत्येचं कारण कधीच एक नसतं. पण मेंदूतल्या या खुणा सोसलेल्या दुःखाकडे बोट दाखवतात, हे त्यातून कळतं.

म्हणून मी म्हणते, बापाच्या मृत्यूवरून मुलीचं भविष्य सांगणारा माणूस विज्ञानाचं नाव घेऊन अंधश्रद्धा बोलत असतो. धोका असणं वेगळं, विधिलिखित असणं वेगळं. आणि तिला धोका असेल असं खरंच वाटत असेल, तर तिला माया द्यायची की तिला वाळीत टाकायचं?

असलं संशोधन आपल्याकडेही चालतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य बालपणीच्या ताणाचे मेंदूवर होणारे दीर्घ परिणाम अभ्यासतात. सेरोटोनिन हे रसायन मेंदूच्या पेशींत जनुकांचं नियमन करणाऱ्या प्रथिनांमार्फत ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढवतं, असं त्यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवलं. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. नैराश्य हा मनाचा कमकुवतपणा नव्हे, पेशींच्या आत घडणारी गोष्ट आहे. म्हणून डॉक्टरांच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; चार दिवसांत त्या सोडायच्या नसतात.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. आपल्या हातात काय आहे? श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. तीव्र विचाराची ती वेळ बहुधा टळते, फक्त हाताशी साधन नसावं लागतं. आपल्यातल्या शेतकरी मित्रांनो, औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

कुणी गप्प गप्प झाला, तर सरळ विचारा, "जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास मोफत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याच्यावर खटला नको, उपचार हवेत, ही त्यामागची भूमिका. तेव्हा पोलिसांच्या धास्तीने दवाखाना टाळू नका.

आपल्या व्हॉट्सअप ग्रुपवर रोज सकाळी पन्नास सुप्रभात येतात. आठवडाभर ज्याचा सुप्रभात आला नाही, त्याला एक फोन लावा. एवढंच मागते आणि थांबते.