सत्ता आणि अधिकार
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



सत्ता आणि अधिकार हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत भेद आहे. दुसऱ्याकडून करवून घेण्याचे बळ ती सत्ता. तसे सांगण्याचा लोकमान्य हक्क तो अधिकार. दरोडेखोराजवळ सत्ता असते, अधिकार नसतो.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील निदान एक-तृतीयांश जागा व सरपंचपदे स्त्रियांसाठी राखली. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. अधिकार हाती आला. परंतु सही सरपंचबाईंची आणि निर्णय यजमानांचा, तर सत्ता कोणाची?

म्हणून कागद वाचल्याखेरीज सही करू नका, हिशेब विचारा, ग्रामसभेत स्वतः बोला.