आपट्याचें सोनें



दसऱ्याच्या सायंकाळीं मुलें आपट्याचीं पानें घेऊन "सोनें घ्या" म्हणत वडिलांच्या पायां पडतात. एका वर्षीं माझ्या सहा वर्षांच्या पुतण्यानें हें सोनें जपून ठेविलें व दुसऱ्या दिवशीं खडीसाखरेसाठीं वाण्याकडे नेलें. वाणी हंसला. मुलगा रडत घरीं आला आणि म्हणाला, "आई, तूं खोटें कां बोललीस?"

'मोठा झालास म्हणजे कळेल' हें उत्तर सोपें खरें; पण त्यानें आईविषयींची शंका तशीच राहते. म्हणून मीं त्याला जवळ घेऊन गोष्ट सांगितली. वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा कोटि सुवर्णमुद्रांची गुरुदक्षिणा मागावयास रघुराजाकडे गेला, तों राजानें यज्ञांत सर्वस्व देऊन टाकलेलें! रघु कुबेरावर चालून जाणार, इतक्यांत रात्रींच सुवर्णवृष्टि झाली. कालिदासाच्या 'रघुवंशां'त ती राजाच्या कोशागारांत होते. आपल्या लोककथेंत आपट्याच्या झाडावर. राजा म्हणे, 'सारें घे'; कौत्स दक्षिणेहून एक नाणें अधिक घेईना. उरलेलें सोनें लोकांनीं लुटलें.

मग मीं विचारिलें, "पान आणि सोनें यांत सारखें काय?" तो म्हणाला, "कांहीं नाहीं. पान चकाकत नाहीं." "आणि गोष्टींत सोन्याचें काय झालें?" थोडा विचार करून तो उत्तरला, "कोणीच ठेवून घेतलें नाहीं. देऊन टाकलें." साम्य त्याचें त्यालाच सांपडलें होतें!

'पान सोन्यासारखें' ही उपमा. 'सारखें' गळालें कीं झालें रूपक. हीं नांवें मुलांना आरंभीं सांगूं नयेत. प्रथम गोष्ट, मग 'सारखें काय?' हा प्रश्न, आणि नंतर मुलाच्या उत्तराची धीरानें वाट पाहणें, एवढा क्रम पुरे. उत्तर आपण देऊन टाकलें, तर मूल शब्द पाठ करील, पण अर्थ त्याच्या हातीं लागणार नाहीं. दसऱ्यास हें साधलें, म्हणजे संक्रांतीस 'गोड बोला' म्हणतांना विचारावें, 'बोलणें जिभेला गोड लागतें कीं कानाला?' पण एका सणास एकच प्रश्न. सणाची शाळा होऊं नये.

त्या सायंकाळीं पुतण्या पुन्हा वाण्याकडे गेला. या खेपेस त्यानें कांहीं मागितलें नाहीं. पान पुढें करून "सोनें घ्या" म्हणाला आणि नमस्कार केला. वाणी या वेळीं हंसला नाहीं. त्यानें तें पान कपाळास लावून गल्ल्यांत ठेविलें.