पहिला डॉक्टर, शेवटचे आमंत्रण
(कार्यकर्त्यांपुढील भाषण)



23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 15 कोविडरुग्ण प्राणास मुकले. त्या दिवसांत सारी चर्चा खाटांची, प्राणवायूची आणि रेमडेसिव्हिरची होती. ती अपरिहार्यच होती. परंतु अतिदक्षता विभागात पोहोचण्यापूर्वीचे दिवस रुग्ण कोठे काढतो? नालासोपारा पूर्वेच्या चाळीतील एका खोलीत, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात. ताप आला की तो प्रथम कोपऱ्यावरच्या दवाखान्याची पायरी चढतो.

तेथील काम साधे, पण निर्णायक होते. ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण पाहावयाचे, सहा मिनिटे चालावयास लावून पुन्हा पाहावयाचे, ते 94 च्या खाली गेल्यास रुग्णालयात धाडावयाचे आणि गरज नसता स्टेरॉईड द्यावयाचे नाही. हे शेवटचे सर्वांत कठीण. कारण 'काहीतरी जोरदार द्या' असा आग्रह रुग्णाचाच असतो. तो मोडण्याचा अधिकार घराण्याच्या ओळखीतल्या डॉक्टरलाच असतो.

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी या डॉक्टरांना 'माझा डॉक्टर' म्हणून साद घातली ती मे 2021 मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना. तत्पूर्वी त्यांच्या वाट्याला काय आले? मार्च 2020 मध्ये नवी मुंबईत दवाखाने उघडे ठेवा, अन्यथा गुन्हा दाखल होईल, अशी नोटीस निघाली. तेथील एका डॉक्टरने दवाखाना चालविला आणि तो कोविडने गेला. त्याच्या पत्नीने केंद्राच्या योजनेतील 50 लाखांचे विमाकवच मागितले, तेव्हा त्याची सेवा सरकारने मागितलीच नव्हती, असे उत्तर मिळाले. मार्च 2021 मध्ये उच्च न्यायालयानेही तेच मानले. अशा डॉक्टरांची सेवा मागितली गेली होती, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणावयास डिसेंबर 2025 उजाडला. तेही प्रत्येक दावा पुराव्यावर तपासावा, या अटीसह.

दवाखाने खासगी आहेत, फी सर्वांना परवडत नाही, हे खरे. म्हणूनच महापालिकेने त्यांच्याशी आधीच करार करावा: रुग्णामागे मानधन, ऑक्सिमीटर व संरक्षक साहित्य, विम्याची लेखी हमी, आणि रुग्ण धाडावयाचा तर कोणत्या रुग्णालयात, याची निश्चिती. 2011 च्या जनगणनेतच वसई-विरारची वस्ती 12 लाखांवर होती. एवढ्या नगरीत कोणत्या गल्लीत कोणता दवाखाना आहे, याची प्रभागवार यादी कार्यकर्त्यांनी पेल्हार-वालीवपासून करावयास घ्यावी आणि ती घेऊनच आयुक्तांच्या दालनात जावे.