उघडे दार आणि दाखवलेली वाट

संगणकाच्या क्षेत्रात ‘ओपन सोर्स’ हा शब्द आता सर्वतोमुखी झाला आहे. ज्या आज्ञावलीचा मूळ पाठ कोणालाही वाचता येतो, वापरता येतो, सुधारता येतो आणि सुधारून पुन्हा इतरांस देता येतो, ती ओपन सोर्स. अशा आज्ञावली लिहिणारे लोक वारंवार लागणारी कामे एकदाच नीट करून ठेवतात आणि त्यांचा संच सर्वांसाठी खुला करतात. या संचास ‘लायब्ररी’ म्हणतात. दुसऱ्याने तो उचलावा, आपल्या कामास जोडावा आणि पुढे जावे, असा त्यामागील उदार हेतू असतो. परंतु दार उघडे ठेवले म्हणजे पाहुणा घरात आला, असे होत नाही. वाड्यात दालने किती, जिना कोणीकडे, पाणी कोठे, हे सांगणारे कोणी नसेल तर परका मनुष्य ओसरीवरूनच परततो. लायब्ररीच्या बाबतीत हे सांगण्याचे काम तिच्याबरोबरचे मार्गदर्शक लेखन आणि तिची प्रात्यक्षिके करतात. त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

२०१७ साली गिटहब या संस्थेने ओपन सोर्सच्या क्षेत्रात वावरणाऱ्या लोकांची पाहणी केली. अपुरे किंवा कालबाह्य मार्गदर्शक लेखन ही सर्वत्र आढळणारी अडचण असल्याचे ९३ टक्के लोकांनी सांगितले. आणि आपण असे लेखन क्वचितच करतो किंवा कधीच करीत नाही, अशी कबुली या कामात हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी दिली. दुखणे सर्वांना ठाऊक आहे, औषध उगाळावयास मात्र कोणी बसत नाही. याची कारणे दोन. आज्ञावली लिहिणे हे बुद्धीचे काम आणि तिच्याविषयी लिहिणे हे कारकुनी, अशी एक समजूत रूढ आहे. दुसरे असे की, ज्याने लायब्ररी रचली त्याला ती इतकी परिचित असते की, ती ठाऊक नसणे म्हणजे काय, हेच तो विसरून गेलेला असतो. याचे मोल कोण देतो? एखाद्या लहान गावच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी पहिल्याच पानावर अडते, आणि लेखनातील उणीव आपल्या बुद्धीची उणीव समजून तो विषयच सोडून देते. ही हानी कोणत्याही पाहणीत मोजली जात नाही.

याउलट मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण सांगतो. पायथॉन या संगणकभाषेत ‘नमपाय’ नावाची गणिती लायब्ररी आहे. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी सिद्ध केलेली तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली आली. कृष्णविवराचे जे पहिले चित्र २०१९ साली जगाने पाहिले, त्यामागील गणितातही तिचा वाटा होता. परंतु आरंभीच्या काळात तिच्याविषयी फारच थोडे लिहिलेले होते. फ्लोरिडातील जोसेफ हॅरिंग्टन हे खगोलशास्त्राचे प्राध्यापक २००७ साली आपल्या विद्यार्थ्यांस ती शिकवू लागले, तेव्हा ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली. त्यांनी २००८ च्या उन्हाळ्यात लेखनाची मोहीमच काढली. तिच्या सूत्रसंचालनासाठी स्टेफान व्हॅन डर वॉल्ट यांची योजना केली. कोणालाही लिहिता यावे, दुसऱ्याचे सुधारता यावे, अशी सोय केली. लेखनाचा साचा ठरवून दिला: हे फंक्शन काय करते ते एका वाक्यात, त्याला कोणती माहिती पुरवावी, त्याच्याकडून काय परत मिळते, त्याच्या जवळची फंक्शने कोणती, आणि अखेरीस एक उदाहरण. हजार शब्द लिहिणाऱ्यास एक टी-शर्ट भेट मिळे. पारितोषिक लहान होते. पण लेखन करणाराही या कार्यात सन्मान्य आहे, हे त्यातून प्रकट झाले. तो साचा नमपायमध्ये आजही चालू आहे.

मात्र साच्यातील माहिती म्हणजे संपूर्ण मार्गदर्शन नव्हे. डॅनिएले प्रोचिदा या लेखकाने मार्गदर्शक लेखनाचे चार प्रकार मानले आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत असा त्यांचा आग्रह आहे. नमपायच्याच संदर्भात ते पाहू. नवख्याला हात धरून दहा दिवसांच्या पावसाच्या आकड्यांची सरासरी काढावयास लावणे, हा झाला पाठ. मधल्या काही दिवसांचे आकडे गहाळ असतील तर सरासरी कशी काढावी, हे सांगणे ही झाली कृती. सरासरीच्या फंक्शनला काय काय पुरवता येते याची नेमकी नोंद, हा झाला कोश. आणि एकाच जातीच्या संख्या संगणकाच्या स्मृतीत सलग ठेवल्यामुळे हिशेब जलद का होतो, हे उलगडणे म्हणजे विवेचन. शिकणाऱ्यास कोश हाती दिला तर तो गोंधळतो. जाणत्यास पाठ वाचावयास लावला तर तो कंटाळतो.

आता प्रात्यक्षिकाकडे वळू. ‘मॅटप्लॉटलिब’ ही आलेख काढणारी लायब्ररी जॉन हंटर यांनी निर्माण केली. २०१२ साली ते अकाली निवर्तले. त्यांची लायब्ररी जगभर चालू आहे. तिच्या मार्गदर्शनात चित्रांचे एक दालन आहे. आपल्याला हवा तसा आलेख डोळ्यांनी शोधावा, त्यावर बोट ठेवावे, की तो काढणारी संपूर्ण आज्ञावली समोर येते. आणि हे दालन तयार होताना ती आज्ञावली प्रत्यक्ष चालवूनच चित्र काढले जाते. त्यामुळे जे दाखवले ते खरोखर घडते, याची हमी मिळते. चांगल्या प्रात्यक्षिकाची लक्षणे यातच आली: ते लहान असावे, पूर्ण असावे, त्याने एकच गोष्ट शिकवावी, आणि लागणारे आकडे त्याने बरोबर आणावेत. लेखकाच्या स्वतःच्या संगणकावरील एखाद्या फाइलवर विसंबणारे प्रात्यक्षिक दुसऱ्याच्या घरी पहिल्याच पावलाला अडखळते.

एकदा बरोबर असलेले उदाहरण सदैव बरोबर राहील, असेही नाही. २०२४ साली नमपायची दुसरी मोठी आवृत्ती आली. पूर्वी ज्या ठिकाणी पडद्यावर नुसते ‘३.०’ उमटे, तेथे आता त्या संख्येच्या प्रकाराचे नावही उमटू लागले. आणि असंख्य जुन्या उदाहरणांतील छापील उत्तरे एका दिवसात शिळी झाली. यावर उपाय पायथॉनमध्ये २००१ पासून आहे. टिम पीटर्स यांनी रचलेले ‘डॉकटेस्ट’ हे साधन लेखनातील उदाहरणे शोधून काढते, ती चालवते आणि मिळालेले उत्तर छापील उत्तराशी ताडून पाहते. फरक पडला की ते निदर्शनास आणते.

यंत्र उत्तरे तपासील. परंतु वाक्य कळले की नाही, हे त्याला सांगता येणार नाही. त्यासाठी नवखा मनुष्यच हवा. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाने ही गोष्ट ओळखली आहे. ओपन सोर्स आज्ञावलींचे लहान लहान ध्वनिचित्रपाठ तेथे तयार होतात, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन होते. ध्वनिमुद्रणापूर्वी पाठाची संहिता एखाद्या अनभिज्ञ व्यक्तीकडून तपासून घेतली जाते. तिला जे जमले नाही ते संहितेत सुधारावयाचे, असा तेथे दंडक आहे. प्रत्येक लायब्ररीने तो स्वीकारण्याजोगा आहे.

म्हणून या क्षेत्रात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या तरुण श्रोत्यांना एक सुचवावेसे वाटते. एखादी लायब्ररी वापरताना आपण कोठे अडलो, ते त्याच दिवशी टिपून ठेवा. महिन्याभराने ते आठवणार नाही. ती अडचण दूर करणारी दोन वाक्ये आणि एक चालणारे उदाहरण लिहून त्या लायब्ररीच्या कर्त्यांकडे पाठवा. आज आपण नवखे आहोत, हेच या कामातील आपले भांडवल आहे. त्या दोन वाक्यांनी पुढच्या कोणाला ओसरीवरून परतावे लागणार नाही.